बॅनरचं एक टोक

बडोद्यातल्या एका सेवा क्लबच्या कार्यक्रमांचे फोटो मी काढतो. पाणीगेटजवळच्या हॉलमध्ये ते कधी वॉकर वाटतात, कधी शिलाई मशीन, आणि प्रत्येक वस्तूमागे एक फोटो हवाच असतो. देणारे, घेणारा आणि त्यांच्यापुढे क्लबचा बॅनर. घेणाऱ्याच्या बाजूचं बॅनरचं टोक नेहमी एकच काका धरतात. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात बडीशेपेची पुडी, आणि काहीही सांगितलं तरी एकच उत्तर, "चालेल ने, भाई."

बॅनर धरणं मात्र त्यांना जमत नाही. ऐन फोटोच्या वेळी त्यांचा हात वर जातो आणि घेणाऱ्याचा चेहरा झाकला जातो. क्लबचे प्रमुख वैतागतात, "काका, खाली घ्या." ते घेतात, पण हात पुन्हा वर जातो. मी त्यांना वेंधळे समजत होतो. मग जवळच्या सावली गावात क्लबने झाडं लावली. त्या फोटोत नुसते पदाधिकारी होते, आणि काकांनीच धरलेला बॅनर शेवटपर्यंत कमरेशी सरळ राहिला.

गेल्या महिन्यात वॉकर घ्यायला मला चौथीत शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी मला ओळखलं आणि मान खाली घातली. काकांचा हात वर गेला. कॅमेऱ्यात बॅनरखाली वॉकरचे पाय आणि बाईंच्या चपला तेवढ्या दिसत होत्या.

"आला का नीट?" प्रमुखांनी विचारलं.

"मस्त आला," मी म्हणालो.

काकांनी बॅनर खाली घेतला आणि बडीशेपेची पुडी माझ्यापुढे धरली.