इंग्रजीतून इंग्रजीत

माझी शाळा इंग्रजी तिसरीत सुटली. त्यामुळे ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होतील, शब्दही साधेच असतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण आमच्या जिनमधल्या गोष्टींचं कापसासारखं झालं आहे. एक गाडी रिकामी करावी तर फाटकाशी दुसरी उभी! कुणीतरी या गोष्टी उतरवून घ्यायला हव्या होत्या. बाकीच्यांना बोलायला आवडतं, लिहायला नाही. माझं नेमकं उलटं आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

जळगावच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी उमेदवार होतो. पहिली मोठी लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. त्या हंगामात इंजिन आणि गाठी बांधायचा प्रेस सांभाळायला स्कॉटलंडचे एक साहेब आले. पहिल्याच दिवशी ते ऑफिसात येऊन बराच वेळ काहीतरी बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. ते गेल्यावर मी हळूच आमच्या हेडक्लार्क नानांना विचारलं, "नाना, साहेब काय म्हणाले?"

नाना पुण्याचे, मॅट्रिक पास, रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारे. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"इंग्रजीच होतं," ते म्हणाले, "पण आपण शिकलो ते नव्हतं!"

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पुंडलिक, तुझे कान तरुण आहेत. हंगाम संपेपर्यंत साहेबाचं बोलणं तुला कळायला लागलं, तर मुंबईच्या मॅनेजरला सांगून तुला कायम करतो. नाही तर आहेच फैजपूर आणि भावांची केळी!"

भावांच्या केळीत माझ्यासाठी जागा नव्हती, हे नानांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

*

आमच्याकडे मोठ्या माणसाला "काय म्हणालात?" असं पुन्हा विचारत नाहीत. ऐकलं नाही हा आपला दोष, त्याचा त्रास त्यांना का? साहेबांना विचारायची तर सोयच नव्हती. म्हणून नानांनी युक्ती काढली. "सुरुवात मी धरतो, शेवट तू धर. जोडून घेऊ!"

एका शनिवारी साहेब येऊन बोलून गेले. नानांनी सुरुवात धरली होती, "उद्या सगळ्या माणसांना." मी शेवट धरला होता, "सकाळी फाटकाशी उभं करा." छान जुळलं!

रविवारी सकाळी अख्खी जिन फाटकाशी रांगेत उभी. बायामाणसं, हमाल, बैलगाडीवाले, सगळे धुतलेले कपडे घालून! साहेब झोपेच्या कपड्यांत दात घासत व्हरांड्यात आले. आम्हाला बघितलं आणि घाईघाईने आत गेले. पाच मिनिटांत कोट-टोपी चढवून बाहेर आले आणि रांगेपुढून सलाम घेत गेले. आम्हीही सलाम केले. सगळे घरी गेले.

साहेबांचं मधलं बोलणं पुढे कधीतरी कळलं. "सगळ्या माणसांना सुट्टी द्या, पहाऱ्याला दोघांनाच" असं ते होतं!

साहेबांना वाटलं, आमचा काहीतरी सण आहे. आम्हाला वाटलं, त्यांचा!

*

बॉयलरवरचे आगवाले आबा नरडाण्याकडचे. त्यांना इंग्रजीचं ओ की ठो येत नव्हतं, पण साहेबांचं सगळ्यात चांगलं जमायचं ते आबांशी! साहेबांनी तोंड उघडायचा अवकाश, आबा कामाला लागायचे आणि साहेब खूष व्हायचे.

मी म्हटलं, "आबा, तुम्हाला कसं कळतं?"

"कसाले कळाले पाहिजे?" आबा म्हणाले. "इंजनले जे पाहिजे, तेच सायेब सांगस. मी इंजनकडे देखस!"

एके दिवशी साहेब हातात तार घेऊन पळत बॉयलरपाशी आले. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. भडाभडा बोलायला लागले. आबांनी बघितलं, तेलाची बुधली उचलली आणि सरळ मोठ्या चाकापाशी जाऊन तेल घालायला लागले! साहेब मागे मागे बोलतायत, आबा जास्त जास्त तेल घालतायत.

शेवटी मी तार वाचून आबांना सांगितली. साहेबांच्या बहिणीला मुलगा झाला होता.

"मामा व्हयनात?" आबांनी बुधली खाली ठेवली. "मंग तसं सांगाले पाहिजे ना! मी उगाच तेल टाकत बसनू!"

मग आबांनी आपल्या फडक्यातला गुळाचा खडा काढला आणि तेलकट हातानेच साहेबांच्या तोंडात घातला. साहेबांनी तो तेलासकट खाल्ला.

*

माझं म्हणाल तर मला नानांसारखी युक्ती सुचत नव्हती आणि आबांसारखं इंजिन कळत नव्हतं. समजलं नाही की बाकीचे "येस सर" म्हणून पळायचे. मला खोटं "येस" म्हणवत नव्हतं आणि पुन्हा विचारवतही नव्हतं. म्हणून मी नुसता उभा राहायचो.

साहेब बोलायचे. मी उभा. साहेब बघायचे. मी खाली मान घालून उभा. मग साहेब तेच पुन्हा बोलायचे, जरा सावकाश. तरी मी उभाच! एकदा चिडून त्यांनी टोपी जमिनीवर आपटली. मी ती उचलून झटकून दिली आणि परत उभा राहिलो. तेव्हा ते पायरीवर बसले, मलाही बसायची खूण केली आणि हातवारे करून सगळं पहिल्यापासून सांगितलं.

नाना म्हणाले, "अरे, तू शिकतोयस की साहेबाला शिकवतोयस?"

पुढे संध्याकाळी भोंगा झाला की साहेब मला त्या पायरीवर बसवून घ्यायला लागले. गप्प माणसाजवळ सगळेच जास्त बोलतात. त्यांच्या गावाकडच्या मेंढ्या, तिथला पाऊस, दाराशी उभी राहून डोंगरावरच्या माणसाला हाक मारणारी त्यांची आई. ऐकता ऐकता एक दिवस मला हसू आलं, आणि मग लक्षात आलं की त्यांनी गंमत सांगितली होती!

*

स्टेशनवरचे मालबाबू मद्रासकडचे. त्यांचं इंग्रजी म्हणजे उतारावरची बैलगाडी, मध्ये थांबायचं नाव नाही. आमच्या रुईच्या गाठींना मालगाडीचे डबे मिळेनात, म्हणून साहेब स्वतः भांडायला गेले. मी बरोबर होतो.

साहेब गरजले. मालबाबू कडाडले. बराच वेळ दोघे आपापल्या इंग्रजीत भांडले आणि मग एकदमच थांबले. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "हा काय म्हणतो?" मालबाबूही माझ्याकडे वळले, "हे काय म्हणतात?"

मी तिसरीतलं इंग्रजी काढलं. साहेबांना म्हटलं, "तो म्हणतो, डबे उद्या." मालबाबूंना म्हटलं, "ते म्हणतात, मेहरबानी."

साहेब मेहरबानी म्हणाले नव्हते. जे म्हणाले होते ते तिसरीत शिकवत नाहीत!

नानांना हे कळल्यावर ते आठवडाभर येईल त्याला सांगत होते, "आमचा पुंडलिक इंग्रजीचं भाषांतर करतो. इंग्रजीत!"

*

हंगाम संपता संपता मुंबईचे मॅनेजर साहेब आले. हे लंडनचे. तोंडात विडा धरून तो सांडू नये तसं बोलायचे. पण शब्द स्वच्छ. आमचे साहेब बोलायला लागले की हे कानाला हात लावून पुढे वाकायचे.

नाना माझ्या कानात म्हणाले, "म्हणजे विलायतेतही पुणं आणि खानदेश आहे म्हण की!"

दुपारी माझा विषय निघाला. मॅनेजर साहेब म्हणाले, पुढच्या हंगामात माणसं कमी करायची आहेत, या उमेदवाराचं नेमकं काम काय? आमचे साहेब उठले, टेबलावर मूठ आपटली आणि बोलायला लागले. संतापले की त्यांचं बोलणं आणखी त्यांच्या गावाकडचं व्हायचं. मॅनेजर साहेबांनी शेवटी हात वर केला आणि मलाच विचारलं,

"काय म्हणतात हे?"

मला तर शब्द न् शब्द कळला होता! साहेब म्हणाले होते, "इथे आल्यापासून माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा हा एकच माणूस आहे. हा जाणार असेल तर मी भिंतींशी बोलू का? माझ्या बॉयलरपेक्षा मला याची गरज जास्त आहे."

आता हे मी माझ्याच तोंडाने कसं सांगू? मोठ्यांसमोर स्वतःची स्तुती कोण करतं? मी म्हटलं, "सर, ते म्हणतात... ठीक आहे."

"एवढं बोलले, आणि ठीक आहे?" मॅनेजर साहेब म्हणाले.

आमचे साहेब ओरडले, "सगळं सांग!"

मी उठलो, नानांच्या खुर्चीमागे गेलो आणि सगळं मराठीत त्यांच्या कानात सांगितलं. नानांनी चष्मा वर सरकवला, कोटाची बटणं लावली आणि उभे राहिले. ते इंग्रजी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी सांगितलं होतं तीन वाक्यं, नानांचं संपेचना! मोठमोठे शब्द, मध्येच थांबणं, एकदा तर आवाजही कापला.

आमचे साहेब माझ्याकडे वाकले. "काय म्हणतोय तो?"

"तुमचंच, सर," मी म्हटलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

मॅनेजर साहेबांनी नानांना बसायची खूण केली. मग म्हणाले, "ठेवा त्याला."

त्या रात्री मी ओठांतल्या ओठांत पुष्कळ तालीम केली. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याच्या आधीच जिनवर गेलो. साहेब फाटकाच्या आत पाठमोरे उभे राहून पाइपमध्ये तंबाखू भरत होते. मी आपणहून त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. धीर केला आणि अगदी त्यांच्याच धाटणीत, त्यांच्याच हेलात "गुड मॉर्निंग" म्हटलं.

साहेब गर्रकन वळले आणि माझ्या डोक्यावरून, स्टेशनच्या रस्त्याकडे, आपल्या गावाकडचं कोण आलं ते बघायला लागले.