तारण राहिलेला पहिला भाग

राजाजीनगरच्या आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. पुस्तकं निदान लोक घरी नेतात, किस्से इथेच टाकून जातात! पंधरा वर्षं मी दर रविवारी तिथे बसते. त्यातले थोडे सांगते.

*

आमच्याकडे वर्गणी नाही. पुस्तक न्यायचं तर आपलं एक पुस्तक तारण ठेवायचं, परत केलं की ते सोडवायचं. नियम आमच्या अध्यक्षांचा, अण्णांचा. त्यांचं घराणं पिढ्यान्पिढ्या बेंगळुरातलं, 'थोडं'ला 'स्वल्प' आणि 'ठीक आहे'ला 'सरी' म्हणणारं.

एकदा कुलकर्णींनी फ्रिजचं माहितीपुस्तक तारण ठेवलं!

"अहो, हे काय?"

"पुस्तकच की! बायकोला विचारा, किती जपलंय!"

महिन्याभरात फ्रिज बिघडला. अण्णा म्हणाले, "आधी कादंबरी परत करा." कुलकर्णींनी चारशे पानं एका दिवसात संपवली!

*

माझी मुग्धा आठवीत होती. तिने रांगोळीचं पुस्तक नेलं आणि तारण ठेवला आपल्या लाडक्या, इंग्रजीत आलेल्या जपानी चित्रकथेचा पहिला भाग. त्या भागातली गोष्ट किमयेची. आजारी आईसाठी एक मुलगी औषधं बनवते, पण दर औषधामागे तिचं स्वतःचं काहीतरी जातं. आधी केसांचा रंग, मग हसू, शेवटी आवाज. एवढं देऊनही आई जातेच.

मुग्धाने रांगोळीचं पुस्तक हरवलं. पहिला भाग अडकला!

*

जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं, हे मला कुठे ठाऊक! मी वाचनालयाचा शिक्का पहिलं समजून शेवटच्या पानावर मारून मोकळी. अण्णांनी शिक्क्यापासून सुरुवात केली.

"इंग्रजी मला स्वल्पच येतं, पण चित्रं झकास," ते म्हणाले. "बिचारी पोर एकटी, मुकी. मग आई अंथरुणात उठून बसते, पोरीला आवाज येतो, शेवटी दोघी स्वयंपाकघरात हसतायत. फार गोड गोष्ट!"

शेजारी त्यांची बायको, शांताक्का, डबा उघडून सगळ्यांना कोडबळी, म्हणजे आपली कडबोळी, वाटत होती. तिने पुस्तक चाळलं आणि इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "अहो, उलटं वाचलंत! सगळं उलटं!"

*

मुग्धा नोकरीला पुण्याला गेली. बाकीचे सगळे भाग तिने जमवले, पहिलाच नाही. दर फोनला तेच. "आई, चावी तुझ्याकडेच असते ना? उचल आणि पाठव!"

मी भीतभीत अण्णांना विचारलं.

"तुमची मुलगी म्हणून? अक्का, मग फ्रिजवाल्या कुलकर्णींनी काय पाप केलं होतं?"



*

गेल्या वर्षी शांताक्का गेली. अण्णा तरी रविवार चुकवत नाहीत. फक्त डबा नसतो.

मागच्या महिन्यात मुग्धा आली. जुन्या ट्रंकेत रांगोळीचं पुस्तक सापडलं होतं! ते पिशवीत घालून, स्वारी ऐटीत माझ्याबरोबर वाचनालयात.

अण्णा खिडकीशी बसले होते. हातात पहिला भाग, शिक्क्याकडून उघडलेला.

"अण्णा, परत उलटं वाचताय!" मुग्धा हसत म्हणाली.

"ठाऊक आहे गं," अण्णांनी मान वर केली नाही. "स्वल्प थांब. आता उठून बसेल ती."

मुग्धाने पिशवीतून अर्धवट काढलेलं रांगोळीचं पुस्तक हळूच आत सरकवलं आणि माझ्याकडे वळली.

"आई, ते रांगोळीचं पुस्तक काही सापडलं नाही हं."

"सरी," अण्णा म्हणाले आणि पान उलटलं.