पडद्यामागचा दिलरुबा

रेणुकाबाई खटकचिंचोळीच्या मेंढपाळांच्या घरची. बाप भजनात दिलरुबा वाजवायचा. त्याच्याजवळ बसून ती तारांवर फिरवायचा गज धरायला शिकली. नवरा वारल्यावर दिरानं तिचा दिलरुबा घराबाहेर ठेवला, तेव्हा तीही तो उचलून बाहेर पडली.

निजामाचा अंमल होता. हुमनाबादच्या गायनशाळेनं चार तंतुवादक पदरी ठेवायचं ठरवलं होतं. चौघांनी शाळेतच राहायचं, पोरांना शिकवायचं आणि एकत्र वाजवायचं. सारंगीला म्हातारे मौलासाब, फिडलला सिद्धराम, सतारीला गुंडप्पा आले. दिलरुब्याला दुसरं कुणी मिळेना, म्हणून रेणुकाबाईला बोलावणं गेलं.

पहिल्या बैठकीच्या सकाळी शाळेचे चालक अंकुशराव यांनी दिवाणखान्यात एका बाजूला पडदा बांधून घेतला.

"बाई परक्या पुरुषांत बसली तर लोक पोरी शाळेत धाडणार न्हाईत. तुम्ही आतून वाजवा. आज बिघडलं, तर उद्या गावची वाट धरा."

परत जायला घर नव्हतं. ती दिलरुबा घेऊन पडद्याआड बसली.

दुपार कलताना दिवाणखाना भरला. सिद्धरामचा गज हलला की चौघांनी एकदम सुरू करायचं, असं ठरलेलं. पडद्यामागं तिला तो हात दिसेना. पहिल्यांदा ती मागं पडली. पुन्हा सुरू केलं, तर पुढं गेली. समोर कुणीतरी फिसकन हसलं. घामानं गज हातात ठरेना. तिनं तो खाली ठेवला.

"कामून थांबलात?" अंकुशराव ओरडले.

आतून तिचा आवाज स्पष्ट आला. "मला सिद्धरामअण्णांचा हात दिसत न्हाई. आंधळ्यावानी मी वाजवणार न्हाई."

अंकुशराव तरातरा पडद्याकडं निघाले. तेवढ्यात मौलासाब सारंगी उचलून उठले, गुडघे सावरत पडद्याआड गेले.

"थोडं सरक, बेटी."

त्यांच्यामागं सिद्धराम गेला, मग सतार सांभाळत गुंडप्पा. समोर नुसत्या रिकाम्या गाद्या उरल्या. कुणी हसलं नाही. आणि आतून चौघांचा सूर एकदम उठला.

"आम्ही काय कापड बघाया आलाव व्हय?" मागं बसलेली एक म्हातारी म्हणाली.

अंकुशराव बाहेर निघून गेले. गत संपेपर्यंत रेणुकाबाईनं सिद्धरामच्या हातावरची नजर काढली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला जा म्हणायला कुणी आलं नाही. पुन्हा पडदाही कुणी बांधला नाही. काही घरांनी मात्र पोरी काढून घेतल्या, आणि त्याचा बोल तिच्यावर बरीच वर्षं राहिला. अंकुशराव तिच्याशी सरळ बोलत नसत. निरोप गुंडप्पाकडून यायचा. तिनं शाळेच्या मागच्या खोलीत चूल मांडली आणि उरलेल्या पोरींना शिकवायला घेतलं.