एक कान उघडा ठेवणारी

सन दोन हजार चोवीस, माझं वय एकाहत्तर. कैनाड गावातल्या एका लग्नात माझे स्पीकर आणि मिक्सर होते. शाळा दुसरीपर्यंत, पण चाळीस वर्षं आवाज मी बोटांनीच जुळवला. तिथं नवरीची मैत्रीण आली, सॉफ्टवेअर बनवणारी. हेडफोन एकाच कानावर, दुसरा कान कायम उघडा.

"काका, आवाज लॅपटॉपनं आपोआप जुळवायचा की माणसानं, एवढं मला ठरवायचंय. आज लावून बघू?"

"लाव. फसलीस तर माझं नाव सांगू नको."

नवरीच्या मामाचं भाषण लॅपटॉपनं झकास सांभाळलं. माझं तोंड उतरलं. आपलं काम गेलं, वाटलं. मग तारपा, आमचं भोपळ्याचं फुंकायचं वाद्य, सुरू झाला आणि स्पीकरमधून नाहीसाच झाला. त्याचा एकसारखा घुमणारा सूर लॅपटॉपला पंख्याची घरघर वाटली, त्यानं तो पुसून टाकला. नाचणारे थांबले. मी लॅपटॉपची वायर उपटून तारप्याचा माइक सरळ माझ्या मिक्सरला जोडला. फेर पुन्हा फिरू लागला.

"बघ, तुझा पंखा कसा नाचवतोय सगळ्यांना!"

ती रुसली नाही. हेडफोन काढून, डोळे मिटून तिनं अख्खा तारपा ऐकला. मग म्हणाली, "काका, याला काम शिकवलं, गप्प कधी बसायचं ते शिकवायचं राहिलं." तिथंच बसून तिनं लॅपटॉपात एक बटण केलं. दाबलं की सगळं माझ्या हातात.

"उद्या तलासरीत सभा आहे, येशील?" मीच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाषणं लॅपटॉपवर सोडून मी जन्मात पहिल्यांदा समोरच्या खुर्चीत बसलो. भाषण कंटाळवाणं होतं, पण शब्द न् शब्द कळत होता.