सुरईतलं गंगाजळ

आमचे शेजारी खर्डीच्या डाकबंगल्यात बटलर होते. साहेबांनी रिकाम्या केलेल्या फ्रेंच ब्रँडीच्या, कोन्याकच्या सुरया ते पेंढा भरलेल्या खोक्यांसकट घरी आणत. महायुद्धात त्या यायच्या थांबल्या, तेव्हा जुन्याच सुरया उन्हात धरून ते त्यांच्या मानेवरून अंगठा फिरवत बसत. “काचेच्या सांध्याची रेघ तोंडापर्यंत गेली तर नवी. मानेतच विरली, तर आज्याच्या वेळची,” असं झोपेत बोलल्यासारखं सांगत.

सगळ्यांत जुन्या सुरईत त्यांनी गंगाजळ ठेवलं होतं. “देवाच्या पान्याला दारूचा वास येतो,” म्हणून बायको कायम करवादायची. तिचा शेवट जवळ आला तेव्हा त्यांनी तीच सुरई उघडली, नेहमीसारखी डोळे मिटून हुंगली आणि म्हणाले, “आता नाय येत गो. घे.”

तिनं तोंड उघडलं. दारात उभ्या असलेल्या मलासुद्धा तो वास येत होता.