माझ्या नावाचं ताट

अमेरिकेला यायच्या वेळी मी बॅगेतून लोणच्याची बरणी काढली आणि तिच्या जागी एक साधं स्टीलचं ताट ठेवलं. नवरा हसला. माहेरची आठवण म्हणून घेतलं असेल, असं त्याला वाटलं. आठवण होतीच.

आधी बाबा गेले, दीड वर्षाने आई. कशाने, ते घरात कुणी उच्चारत नसे, ‘तो आजार’ एवढंच म्हणत. मी बारा वर्षांची होते. डॉक्टरांनी माझं रक्त तपासून मला काही झालेलं नाही, असं काकांना स्पष्ट सांगितलं होतं. काकांनी मला सांगलीला आपल्या घरी आणलं. तिसऱ्या दिवशी काकू मला भांड्यांच्या दुकानात घेऊन गेली. एक ताट, एक वाटी, एक पेला. दुकानदाराने टकटक करत तिन्हींवर माझं नाव घातलं. काकूच्या घरी बाकी सगळ्या भांड्यांवर काकांचं नाव, चुलतभावाच्या नावाचा साधा चमचासुद्धा नव्हता. मी तर फुशारून गेले. शाळेत मैत्रिणींना सांगून आले.

ते ताट मीच धुवायचं, वेगळ्या काथ्याने, आणि फळीवर न लावता मोरीच्या खिडकीत पालथं घालायचं. त्यातून दुसऱ्या कुणी चुकूनही जेवू नये म्हणून त्यावर नाव होतं, हे कळायला मला वर्ष लागलं. कळलं त्या दिवशी मी जेवले नाही. कुणी विचारलंही नाही.

मोठी होऊ लागले तशी काकू माझ्या पाळीच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर टिपू लागली. एक दिवस उशीर झाला तरी उलटतपासणी. दहावीत वर्गातल्या मुलाकडून भूगोलाची वही आणली, तर दोन महिने शाळा सोडून कुठेही जायची बंदी. आई-बाप नसले की पोरी वाहवतात, असं ती शेजारणींना माझ्यादेखत सांगे. शरीराबद्दल, आजाराबद्दल एक शब्द कुणी समजावून सांगितला नाही. पाळत मात्र चोख होती.

२००७ साली मी अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्न गावी एका छोट्या कंपनीत सर्वेक्षणांचे तक्ते करत होते. आफ्रिकेतल्या एका देशात ‘त्या आजारा’ने पोरक्या झालेल्या मुलांचे फॉर्म आमच्याकडे येत. मूल कुणाकडे राहतं, या प्रश्नापुढे ‘नातेवाईक’ अशी खूण असली की ते आपोआप ‘सांभाळ होतो’ या रकान्यात जाई. पुढचे प्रश्न वयात आलेल्या मुलींसाठी होते. कुणाशी संबंध आला, का आला. एका चौदा वर्षांच्या मुलीच्या फॉर्मवर तिथे माहिती घेणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं होतं, की ती चुलत्याकडे राहते, सगळ्यांच्या शेवटी जेवते, आणि शाळेचा गणवेश घेऊन देणाऱ्या मोठ्या माणसाला तिला नाही म्हणता आलं नाही. तक्त्यात मात्र तिचा सांभाळ होत होता. शेजारच्या टेबलावरचा आमचा नागपूरचा सहकारी म्हणाला, “पेरेंट्स नसले की कंट्रोल राहत नाही यार.” पुढच्या फॉर्ममध्ये ‘तुझं ताट कोण धुतं, कुठे ठेवतात’ हा प्रश्न घालू या, असं मी बॉसबाईंना सुचवलं. त्यातून काय मोजायचं, असं त्यांनी विचारलं.

त्याच उन्हाळ्यात काकू चुलतभावाकडे राहायला आली; तोही आता अ‍ॅशबर्नमध्येच होता. काका तोवर वारले होते. आमच्या इथल्या मराठी मंडळाने त्या आफ्रिकन मुलांसाठी मदत गोळा करायला जेवण ठरवलं होतं. पोरक्या पुतणीला पोटच्या मुलीसारखं वाढवलं, हे काकूने येऊन पंधरा दिवसांत अर्ध्या अ‍ॅशबर्नला ऐकवलं होतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त डॉक्टर. ते भारावले. जेवणानंतर काकूला शाल-श्रीफळ द्यायचं आणि शाल मी घालायची, असं ठरलं. मी लगेच हो म्हटलं. ती शाल काकूच्या खांद्यावर पडू द्यायची नाही, हेही मी त्याच क्षणी ठरवलं. माइक हातात आला की सगळं सांगून टाकणार होते.

वसाहतीच्या क्लबहाऊसमध्ये सगळ्यांना कागदी प्लेट्स होत्या. काकूला मी माझ्या ताटात वाढलं. मसालेभात, मठ्ठा, दोन जिलब्या, सगळं कसं व्यवस्थित. “बघा, काकूंना खास ताट,” एक बाई कौतुकाने म्हणाल्या. बारा वर्षांची असताना मलाही असंच वाटलं होतं.

काकूने कडेजवळचा भात बाजूला सारला आणि कडेवरचं नाव तिला दिसलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी आणखी एक जिलबी वाढली. इतका आनंद मला अमेरिकेत आल्यापासून कधी झाला नव्हता, खोटं कशाला बोलू?

ती खाली मान घालून जेवली, पानात काही न टाकता. मग उठून ताट घेऊन सिंककडे गेली. त्या कौतुक करणाऱ्या बाई मागोमाग धावल्या, राहू द्या काकू, आम्ही डिशवॉशरला लावतो म्हणाल्या.

“नको,” काकू म्हणाली. “ते वेगळं धुवायचं असतं.”

बायका हसल्या. केवढं सोवळं, म्हणाल्या. काकूने ताट धुतलं आणि इतर भांड्यांपासून लांब, खिडकीत पालथं घातलं. मग तिचा हात तिथेच थांबला. आपण काय बोललो आणि काय केलं, हे तिला तेव्हा उमगलं असावं. ओल्या हातांनी तिने मुलाला बोलावलं, मला बरं वाटत नाही, घरी चल म्हणाली.

डॉक्टरसाहेब माइकवरून तिला शोधत राहिले. शाल माझ्या हातात घडी न मोडता तशीच राहिली. मला काही सांगावंच लागलं नाही. काकूचं वाईट वाटायला हवं होतं, असं नवरा पुढे कितीदा तरी म्हणाला. मला नाही वाटलं. अजूनही वाटत नाही.