बोईसरच्या कपाटातली परतीची तिकिटं

ते प्रकरण आठवलं की आजही मला स्वतःचाच राग येतो. नोकरीत चुका सगळ्यांच्याच होतात, पण माझी चूक एका बाईला भोगावी लागली. नावं कुणाचीच लिहीत नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बोईसर-तारापूर भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आषाढातल्या एका सकाळी किनाऱ्यावरच्या गावातली एक कोळीण आली. तिचा नवरा मासेमारी बोटीवर खलाशी. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या, हाताला काम नाही. तेवढे दोन महिने थायलंडला काम करायचं आणि नारळी पौर्णिमेच्या आत परत यायचं, असं सांगून बोईसरच्या एका एजंटाने त्याला पाठवलं होतं. महिना उलटला तरी पत्र नाही, फोन नाही.

"सायेब, तो असा नाय करनार. काय तरी झालाय," ती म्हणाली आणि तिने तिकिटाची झेरॉक्स पुढे केली.

परतीची तारीख स्वच्छ छापलेली होती. मी त्या तारखेवर बोट ठेवलं. "बाई, परतीचं तिकीट आहे. तारखेला येईल." फिर्याद सोडाच, स्टेशन डायरीत नोंदसुद्धा केली नाही. समोर बंदोबस्ताच्या याद्या पडल्या होत्या, आणि छापील कागद दिसला की आम्हा पोलिसांचा विश्वास पटकन बसतो.

तारीख गेली. बोटी समुद्रात गेल्या. त्याच्या बोटीच्या तांडेलाने, म्हणजे कप्तानाने, चार दिवस त्याची जागा रिकामी ठेवली, मग दुसरा खलाशी घेतला. त्याच आठवड्यात माझ्या खबऱ्याने, एका रिक्षावाल्याने, कानावर घातलं, "साब, वो बँकॉकवाला फिर से आदमी जमा कर रहा है." कारखान्यांच्या बस सुटतात तिथे तो कामगारांना गाठत होता. आता मात्र मी त्या बाईची फिर्याद नोंदवून घेतली आणि एजंटाला उचललं.

एजंट पक्का बेरकी. चौकशीत एकच पालुपद, "साहेब, व्हिसा दिला, परतीचं तिकीट दिलं. पोरं तिथे रमली, त्यात माझा काय दोष?"

पंचांसमक्ष त्याच्या खोलीची झडती घेतली. हवालदाराने कपाटातून तिकिटांची सहा पुस्तकं काढली. प्रत्येकातलं जायचं पान फाडलेलं, यायचं पान शाबूत. त्यात त्या खलाशाचं नाव होतं. मी जन्मात विमानात बसलो नव्हतो, पण एवढं मलाही कळलं. एजंटाला विचारलं, "माणूस बँकॉकला आणि त्याचं यायचं तिकीट तुझ्या कपाटात कसं?"

त्याचं पालुपद तिथे थांबलं. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं सांगितलं. परतीचं तिकीट दाखवल्याशिवाय तिकडे पर्यटकाला आत घेत नाहीत, म्हणून तिकीट खरंच काढायचं. विमानतळाबाहेर याचा भागीदार उभा. 'सांभाळून ठेवतो' म्हणून तो तिकीट आणि पासपोर्ट काढून घ्यायचा आणि माणसं तिथल्या मासेमारी बोटींवर चढवायचा. तिकिटं इकडे येऊन परताव्यासाठी जायची. व्हिसा संपला की त्या माणसाला तिथल्या पोलिसांकडे जायचीही चोरी. गुन्हेगार तोच ठरायचा.

दूतावासामार्फत पाच जण परत आले. तो खलाशी आला नाही. त्या पाचांपैकी, तिकडे त्याच्याच बोटीवर असलेल्या एकाने जबाबात सांगितलं की तो वादळात समुद्रात पडला आणि बोट थांबवली गेली नाही. मी दिवस मोजले. ती बाई माझ्याकडे पहिल्यांदा येऊन गेली, त्यानंतर बारा दिवसांनी ते घडलं होतं.

सांगायला मी स्वतः गेलो. ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आनि बॉडी?"

"नाही मिळाली."

"मंग दाखला?"

"तोही नाही. बॉडी नसली की मृत्यू धरायला कायद्याने सात वर्षं थांबावं लागतं."

"सात वरसं मी कोन म्हनून रवू, सायेब? कुकू ठेवू का पुसू? तेवडं तरी तुमी लिवून द्या."

हजारो पंचनामे लिहिलेला मी माणूस, तिला एक ओळ लिहून देऊ शकलो नाही.

एजंटाला शिक्षा झाली. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली, तेव्हा मान वर करवली नाही. त्यानंतर माझ्या कुठल्याही ठाण्यात कुणी 'आमचा माणूस आला नाही' म्हणत आलं, तर आधी नोंद घ्यायची आणि मग कागद बघायचे, हा दंडक मी निवृत्तीपर्यंत पाळला. तो पहिल्या दिवशी पाळला असता तर खलाशी वाचला असता का, ठाऊक नाही. पण तिच्यासमोर उभं राहून 'मी प्रयत्न केला होता' एवढं तरी म्हणता आलं असतं.